बारसाठी सरकारी योजनेचे कर्ज

गोव्यात बार काढायला सरकारी योजनेतून कर्ज कसे मिळवावे, या प्रश्नावर ‘अर्जात नुसते रेस्टॉरंट दाखवावे, कर्ज हाती आल्यावर अबकारी खात्याचा परवाना काढावा’ हा कोणीतरी सुचवलेला मार्ग, निदान पीएमईजीपीपुरता (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे नव्या व्यवसायाला कर्जासोबत अनुदान देणारी योजना) तरी, मला धोक्याचा वाटतो. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमधील वर्ज्य व्यवसायांच्या यादीत मद्य देणारे हॉटेल, ढाबा किंवा विक्रीकेंद्र यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विक्रीसाठी ताडी काढण्याचा व्यवसायही त्याच यादीत आहे. ज्या गोव्यात काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे ही अट खटकते हे खरे. पण योजना केंद्राची आहे आणि नियम देशभर एकच आहेत.

शिवाय या चर्चेत कोणी न सांगितलेली बाब अशी की अनुदानाची रक्कम लगेच आपल्या हातात पडत नाही. ती बँकेत कर्जदाराच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत अडकून राहते, आणि दरम्यान प्रत्यक्ष पाहणी होऊन सर्व ठीक आढळले तरच कर्जखात्यात वळती होते. डिचोलीत माझ्या मावसभावाने याच योजनेतून खानावळ काढली, तेव्हा पाहणीला आलेल्या गृहस्थांनी स्वयंपाकघर, यंत्रे, फलक, इतकेच नव्हे तर मागची कोठीही उघडून पाहिली. तिथे बाटल्यांचे खोके सापडले असते, तर अनुदानावर पाणी सोडावे लागले असते. म्हणून बारच काढायचा असेल, तर अनुदानाचा मोह सोडून बँकेकडे साध्या व्यावसायिक कर्जाची सरळ मागणी करावी, आणि त्याआधी परवान्याच्या दृष्टीने जागेपासून शाळा व देऊळ-चर्च यांचे अंतर मोजून घ्यावे.