फूड बँक : डबे द्यावेत की पैसे? तुमचे अनुभव लिहा

न्यू जर्सी (धागाकर्ती)

आमच्या मराठी मंडळात दरवर्षी गणपतीत फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न पुरवणाऱ्या संस्थेसाठी, डबाबंद वस्तू गोळा करतात. यंदा एकाने सुचवलं, "डबे कशाला, सरळ चेक देऊ या." झालं! त्यावर तासभर मीटिंग चालली आणि निर्णय काही झाला नाही. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल किंवा तिथून काही घेतलं असेल, तर लिहा. अन्नदानाची महती आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती नको. तिथे प्रत्यक्ष काय चालतं ते सांगा.

मिडलंड्स, इंग्लंड

मी निवृत्त झाल्यापासून इथल्या फूड बँकेत जाते. ती ट्रसेल या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या जाळ्यातली आहे. त्यांची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत निघाली. इथे कुणीही आलं आणि पिशवी घेऊन गेलं, असं चालत नाही. डॉक्टर, शाळा, सोशल वर्कर, सल्ला केंद्र, यांच्यापैकी कुणाकडून तरी व्हाउचर आणावं लागतं. त्यावर घरात माणसं किती, मुलं किती, ते असतं आणि त्या हिशेबाने साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. मला आधी हे जाचक वाटायचं. पण व्हाउचर देणारा माणूस थकलेलं भाडं, अडकलेला सरकारी भत्ता यांचंही बघतो, नाहीतर तेच कुटुंब परत दारात उभं राहणार.

आतलं काम म्हणजे निव्वळ वाण्याचं दुकान. आलेला माल आधी काट्यावर जातो. मग डब्यावरची बारीक तारीख चष्मा लावून शोधायची, जाड मार्करने वर ठळक लिहायची आणि महिन्यावार क्रेट लावायचे. जुनी तारीख पुढे, नवी मागे. बेक्ड बीन्स आणि पास्त्याचे डोंगर असतात, पण टिकाऊ दूध, टॉयलेट पेपर, डायपर, सॅनिटरी पॅड यांची फळी रिकामी. सप्टेंबर-ऑक्टोबरात चर्चमध्ये आणि शाळांत सुगीचा सण होतो, पाठोपाठ नाताळ येतो, तेव्हा ठेवायला जागा पुरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मुलांचं शाळेतलं मोफत जेवण बंद होतं, मागणी वाढते आणि देणारे नेमके फिरायला गेलेले असतात.

एक गोष्ट मला इथे आल्यावरच कळली. बऱ्याच घरांत विजेचा आणि गॅसचा मीटर आधी पैसे भरून चालतो. पैसे संपले की शेगडी बंद. अशांसाठी आम्ही 'केटल पार्सल' बांधतो. त्यात कपातलं सूप, नूडल्स असं नुसतं उकळतं पाणी ओतून होणारं सामान असतं. ज्यांना पाणी उकळणंही परवडत नाही, त्यांना थंडच खाता येईल असं देतो. डबे रिंगवाले बघून घालायचे, कारण ओपनर सगळ्यांकडे नसतो. एकदा एका गुजराती बांना मी मोठ्या कौतुकाने तूरडाळ काढून दिली. त्या म्हणाल्या, "ही शिजायला गॅस किती जळेल?" त्यांना डाळीऐवजी डब्यातला राजमा हवा होता.

ऑन्टारियो, कॅनडा

नाव लिहीत नाही, आई हा धागा वाचते.

मी शिकायला आलो तेव्हा वर्षाच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवले की व्हिसा मिळायचा. २०२४ मध्ये तो आकडा २०,६३५ केला. मग आधीचे विद्यार्थी काय खाऊन जगत होते, याचं उत्तर कॉलेजच्या फूड बँकेत मिळतं. कॅनडातल्या विद्यापीठांत अशी पहिली फूड बँक अल्बर्टात १९९१ साली सुरू झाली, म्हणजे दुखणं जुनंच आहे. आमच्याकडे ऑनलाइन वेळ घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं आणि मांडणीवरून आपलं आपण उचलायचं. हातात तयार पिशवी न देता निवडू देतात, त्याने फार फरक पडतो. काबुली चण्यांच्या डब्यांना तिथे कुणी हात लावत नसे. माझ्या खोलीवर आठवडाभर उसळ असायची.

पण 'फुकट किराणा कसा मिळवायचा' असे व्हिडिओ आपल्याच लोकांनी टाकले आणि ते गाजले. काही फूड बँकांनी परदेशी विद्यार्थ्यांना घेणंच बंद केलं. व्हिडिओवाल्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांच्या घरात खरंच काही नव्हतं, ते मात्र रांगेत उभं राहायला लाजू लागले.

फीनिक्स, अमेरिका

जगातली पहिली फूड बँक आमच्या गावची! १९६७, सेंट मेरीज. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या अन्नछत्रात काम करायचे. एका बाईंनी त्यांना सांगितलं, की दुकानांमागच्या कचऱ्यात टाकलेलं चांगलं अन्न उचलून त्या मुलांना वाढवतात, आणि बँकेसारखी अन्न ठेवायची-काढायची सोय हवी. चर्चने ३,००० डॉलर आणि एक पडीक इमारत दिली, तिथून हे सुरू झालं.

आता चेकबद्दल. अमेरिकेत फूड बँक म्हणजे घाऊक गोदाम. गरजूंच्या हातात अन्न देणाऱ्या असतात त्या छोट्या पँट्री. गोदामाला शेतमाल आणि दुकानांचा उरलेला माल ट्रकने येतो. १९९६च्या बिल इमर्सन कायद्यामुळे सद्‌भावनेने दिलेल्या अन्नावरून दात्यावर सहसा दावा लागत नाही, म्हणून कंपन्या बिनधास्त देतात. कमी पडतात ते डिझेल, शीतगृहाची वीज आणि ड्रायव्हरचा पगार. ते तुमच्या कॉर्नच्या डब्यातून कसे भागणार? शिवाय त्यांना घाऊक भावात माल मिळतो, आपण किरकोळीने घेतो. नोकरीच्या ठिकाणी मॅचिंगची सोय असेल, म्हणजे आपण देऊ तेवढेच पैसे कंपनीही घालत असेल, तर चेक दुप्पट होतो. मुलांना हाताने काही देऊ दे, असं वाटत असेल तर त्यांना माल निवडायला गोदामात न्या. शिवणीवर पोचा आलेला डबा बाजूला काढायचा, हे माझी लेक माझ्याआधी शिकली.

नागपूर

आपली फूड बँक म्हणजे रेशन दुकान. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. दान नाही, हक्क आहे. फक्त मजुरी करून झिजलेला अंगठा मशीनने ओळखला पाहिजे.

पुणे

आमचा गट मंगल कार्यालयांतून उरलेलं जेवण नेतो. उष्टं नाही, पातेल्यातलंच. खरी शर्यत घड्याळाशी असते. मॅनेजरला भांडी लवकर मोकळी हवी असतात, म्हणून 'शेवटची पंगत बसली की फोन करा' असं सांगून ठेवलंय. सगळं उरकल्यावर फोन आला तर मे महिन्यात काही खरं नाही. मठ्ठा, कोशिंबीर, पनीर घ्यायचंच नाही. मसालेभात आणि भाजी वाफाळती असेल तर डब्यात भरून तडक सरकारी दवाखान्याबाहेर, रुग्णांच्या नातेवाइकांकडे. जिलेबी आहे का, असं सगळे विचारतात. जिलेबी कधीच उरत नाही.

जव्हार

वरचं सगळं वाचलं. आमच्याकडची धान्य बँक वेगळी आहे, तिथे दान नसतं, उसनवारी असते. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नवं पीक लांब असतं. तेव्हा सावकाराकडे जायला लागू नये म्हणून गावच्या साठ्यातून धान्य न्यायचं आणि पीक आलं की थोडं जास्त घालून परत करायचं. सरकारनेही आदिवासी भागांसाठी १९९६-९७ मध्ये अशी ग्राम धान्य बँक योजना काढली होती. आमच्या पाड्यावर ती बायकांच्या गटाने चालवली. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. चांगला तांदूळ नेऊन परत करताना किडका आणायचे. मग गटाने ठरवलं, माप घेण्याआधी धान्य सगळ्यांसमोर सुपात पाखडायचं आणि कोंडा ज्याचा त्याने घरी न्यायचा.