निवारा केंद्रात खाटा रिकाम्या, माणसं फलाटावर. असं काहून?

परभणीकर:
२०११ च्या जनगणनेत आपल्या परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार. निकषानं बेघरांसाठी किती खाटा लागतात? केंद्र असलं तरी लोक स्टँडवर, फलाटावरच का झोपतात? अन् घरकुल योजनेत यांचा नंबर का लागत नाही?

रात्रपाळी:
१ लाख लोकसंख्येमागं १०० जणांचा निवारा, म्हणजे तुमच्याकडं ३०० खाटा. माणशी ५० चौरस फूट, बारमाही, चोवीस तास. थंडीपुरता ठोकलेला मंडप यात धरत नाहीत.

रिकाम्या खाटांचं म्हणाल तर पहिली चूक जागेची. पालिकेला मोकळी जागा सापडते ती गावाबाहेर. सकाळी सातला मजूर अड्ड्यावर उभं राहायचंय तो माणूस रिक्षाला पैसे घालून तिथं झोपायला जाईल का? दुसरं, हॉल बहुतेक पुरुषांचा. नवरा आत अन् बायको-लेकरं बाहेर, असं कोणी करत नसतं. कुटुंबाला आडोशाच्या खोल्याच लागतात. भंगाराचं पोतं, फुग्यांची काठी ठेवायला कुलपाची जागा नसली तर माणूस सामानापाशीच पडतो. त्यात दारावर आधार कार्ड मागितलं की संपलंच.

हिशेबनीस:
जागा मिळाली तरी केंद्र चालवायचा खर्च राहतोच. एक व्यवस्थापक अन् आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन काळजीवाहक, एवढी माणसं लागतात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हा खर्च ५ वर्षांपुरता होता, केंद्र-राज्य ६०:४०. अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. पुढं मनपानं स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं वेगळं खातं) उघडलं नाही तर चालवणाऱ्या संस्थेचं बिल थकतं, मग आधी रात्रीचा माणूस कमी होतो. म्हणून मागणी डिसेंबर-जानेवारीतच द्या. अंदाजपत्रक छापून आल्यावर कोणी ऐकत नाही.

गुंठेवारी:
घरकुलाचं सांगतो. स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र सरकारचे दीड लाख अन् राज्याचा १ लाख मिळतो, पण हप्त्यानं. पाया स्वतःच्या पैशानं घालून फोटो चढवला की पैसे सुटतात. गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला) प्लॉट नियमित नसेल तर बांधकाम परवानगीच अडते. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करता येतात, ते आधी उरका. फलाटावरच्याकडं मात्र प्लॉटच नाही, त्याला ही योजना काय कामाची? त्याच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधला भाड्याच्या घरांचा घटक आहे. रिकामी पडलेली सरकारी घरं त्यात भाड्यानं देता येतात. तशी घरं शहरात किती, ही यादी माहिती अधिकारात मागा.

परभणीकर:
नगरसेवक म्हणतात, यांची मतं कुठं आहेत?

रात्रपाळी:
असू शकतात की. बेघराला नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरताना पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओनं (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यानं) रात्री जाऊन तो माणूस तिथंच झोपतो का, हे एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं असतं. बेघरांची गणतीही रात्रीच करा, अन् दोनदा: पालावरची कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती हिवाळ्यात सापडत नाहीत. दुसरी फेरी मे महिन्यात घ्या.