जुना संगणक आणि इंटरनेट: तुमच्या घरी काय करता? (अनुभव धागा)

रामबाग, इंदूर (धागा माझा)

आमचे आप्पा ८१ वर्षांचे. त्यांच्या खोलीत खिडकीशी २०११ साली घेतलेला संगणक आहे, विंडोज ७चा. सकाळचे पोहे झाले की आप्पा त्याच्यासमोर बसतात. आधी पुण्याची दोन वर्तमानपत्रं, मग नाट्यगीतं, मग स्वतःच्या आठवणी टाइप करणं. संगणक एकदाही दगा देत नाही आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते आप्पांना पाठ आहे.

पण विंडोज ७च्या सुरक्षा दुरुस्त्या घरगुती वापरासाठी १४ जानेवारी २०२० लाच थांबल्या. त्यानंतर त्यात जी भोकं सापडली, ती आमच्या घरी अजून उघडीच आहेत. क्रोमही २०२३च्या सुरुवातीला १०९व्या आवृत्तीवर थांबलं. मागच्या आठवड्यात दुरुस्तीवाला आला होता, तो म्हणाला, "फेका आता, नवा घ्या." आप्पांचा चेहरा उतरला. चालतं यंत्र टाकून द्यायला माझंही मन होत नाही. पण "चालतोय ना, चालू दे" असंही म्हणवत नाही, कारण त्याच वाय-फायवर माझा लॅपटॉप आहे आणि मुलाचा फोनही.

आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला गेली आणि त्यांचा जुना पीसी आईवडिलांकडे राहिला. तुम्ही स्वतः काय केलंत, काय फसलं, ते लिहा. ऐकीव नको.

सुदामा नगर, निवृत्त, वय ६८

फसलं तिथूनच सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विंडोज ७वर एका साइटवरून जुन्या गाण्यांची फाइल उतरवत होतो. एकदम पूर्ण पडदा निळा झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत सांगायला लागली की तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. मी फोन केला. समोरचा माणूस फार अदबीने बोलत होता. त्याने एक प्रोग्राम घ्यायला लावला, माझा पडदा त्याला दिसू लागला, आणि "दुरुस्तीचे शंभर रुपये भरा" म्हणून माझ्याच हाताने नेटबँकिंग उघडायला लावलं. १८ हजार गेले.

मुलीने लगेच १९३० वर फोन लावला. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर तक्रार नोंदवायचा हा सरकारी नंबर. फोन अर्ध्या तासाच्या आत गेला म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यातच अडली आणि पुढे परत मिळाली. सगळी नाही मिळाली.

त्या दिवशी मला माहीत नव्हतं ते सांगतो. तो पडदा म्हणजे साधं वेबपान असतं. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की पूर्ण पडदा सुटतो. नाहीच सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर तिथून बंद करायचा. परत उघडताना "मागची पानं आणू का" विचारतो, त्याला नाही म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजा, चोर आहे.

आता त्या संगणकावर पैशाचं एकही काम करत नाही. बँक, विमा, पेन्शन, सगळं फोनवर, कारण फोनला अपडेट येतात. संगणकावर मेलही वेगळा ठेवलाय. बँकेत नोंदवलेला मेल तिथे उघडत नाही, कारण पासवर्ड बदलायची लिंक त्याच मेलवर येते.

राजवाड्यामागे, छपाईचं काम

माझ्याकडे विंडोज एक्सपी आहे आणि तो राहणार. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली हे मला ठाऊक आहे. पण लग्नपत्रिकांचे वीस वर्षांचे नमुने जुन्या फाँटमध्ये आहेत, तो प्रोग्राम डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला लावायचा छोटा तुकडा) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि डोंगल नव्या मशीनवर चालत नाही. म्हणून त्या मशीनची नेटची तार मी काढून टाकली. नुसती काढली नाही, मागच्या खाचेत एम-सील भरलं, म्हणजे गर्दीच्या दिवसांत नवा मुलगा चुकून लावणार नाही.

तार काढली म्हणजे सुटलो असं वाटलं होतं. मग तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं. लावला, तर आत सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट, कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण असलेले. मी एकावर क्लिक केलं. फोल्डर उघडलं, मजकूर दिसला, मला काहीच वावगं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत दुकानातले तिन्ही पेनड्राइव्ह तसेच झाले. शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि मग तुमचं फोल्डर उघडून दाखवतो, असा तो प्रकार. खऱ्या फाइली आतच असतात, फक्त लपवलेल्या. त्या परत मिळाल्या, पण दोन दिवस काम बंद राहिलं, ऐन मोसमात.

आता गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह एक्सपीला लागत नाही. शेजारी लिनक्सचं (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) एक जुनं मशीन ठेवलंय, आधी तिथे उघडतो. विंडोजचा व्हायरस तिथे चालत नाही, आणि लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितलं की सगळ्या दिसतात. हवी ती फाइल दुकानाच्या लाल पेनड्राइव्हवर घेऊन मग एक्सपीवर. लाल पेनड्राइव्ह दुकानाबाहेर जात नाही. गिऱ्हाईक कुरकुर करतं, दोन मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

पलासिया

मी आजही विंडोज ७ वापरतो. चांगला अँटिव्हायरस विकत घेतलाय, दरवर्षी पैसे भरतो. आजवर काही झालं नाही. इतकं घाबरायचं कारण दिसत नाही.

राजेंद्र नगर, नेटवर्किंगमध्ये नोकरी

दादा, अँटिव्हायरस असू द्या, पण त्यावर विसंबू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस आठवा. त्या वेळी मी एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळत होतो. तो पसरायला कुणी काही क्लिक करावं लागत नव्हतं. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमध्ये, एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत, एक भोक होतं. त्यातून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जायचा आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागायचा. भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती, हल्ला १२ मेला सुरू झाला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. सापडलेल्यांत बहुतेक विंडोज ७ची मशीनं होती. एक्सपीची मुदत कधीच संपली होती, तरी त्या वेळी त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली.

अँटिव्हायरस म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार. ओळखीच्या चोराला अडवेल. भिंतीलाच भगदाड असेल तर तो काय करणार? तुमचं आजवर काही झालं नाही याचा मला आनंदच आहे. पण फाइल-शेअरिंग बंद करा, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करा, आणि रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं उघडा. साध्या खात्यात काही घुसलं तरी त्याला पूर्ण विंडोजवर हात टाकणं अवघड जातं. आमच्या बाबांच्या पीसीवर हे तिन्ही करायला वीस मिनिटं लागली.

राउटरवर दोन कामं केली. ज्या युजरनेम-पासवर्डने तो आला होता ते बदललं. बऱ्याच घरांत अजून दोन्हीकडे "अ‍ॅडमिन" असतं. आणि डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) जागी क्वाड९चा पत्ता टाकला, ९.९.९.९. ओळखीच्या घातक साइटचा पत्ताच तो देत नाही, म्हणजे बाबांनी चुकून क्लिक केलं तरी बहुतेक वेळा पान उघडत नाही. फुकट आहे. आणि बाबांचा पीसी गेस्ट वाय-फायवर टाकलाय, म्हणजे घरातल्या बाकीच्या मशीनना तो दिसत नाही.

महू, निवृत्त शिक्षिका

माझा अनुभव अगदी लहान, पण कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. सहा महिने प्रत्येक साइटवर "तुमचे कनेक्शन खाजगी नाही" असं यायचं. भाच्याने शिकवलं होतं की "प्रगत" दाबायचं, मग "पुढे जा". मी सहा महिने तेच करत होते, डोळे मिटून.

शेवटी शेजारच्या मुलाने बघितलं. खाली कोपऱ्यात घड्याळ होतं: १ जानेवारी २००९. कॅबिनेटची बाजू उघडली, आत बोटभर धूळ, आणि मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल, सीआर२०३२ नावाचा. तो संपला होता. मेन बटण बंद झालं की संगणक तारीख विसरायचा. प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतचं असतं. संगणकाला वाटत होतं की ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. चाळीस रुपयांचा सेल घातला, तारीख लावली, इशारा गेला.

मला त्या चाळीस रुपयांपेक्षा ते सहा महिने लागून राहिलेत. त्या काळात एखादी खरोखर बनावट साइट आली असती, तरी इशारा तोच दिसला असता आणि मी "पुढे जा" दाबलं असतं.

बंगळूर (मूळ लोकमान्य नगर)

आईच्या पीसीवर मागच्या दिवाळीत लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई नावाची पडद्याची मांडणी असलेलं, ते हलकं आहे. मशीन जुनं पण ६४ बिटचं आणि ४ जीबी रॅमचं, तेवढं पुरतं. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितलं, हार्ड डिस्कला हात न लावता: आवाज येतो का, वाय-फाय लागतं का. फोटोंच्या दोन प्रती केल्या, मग विंडोज पुसलं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान साठवण) घातली. सुरू व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता अर्धं मिनिट. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलं, त्याने फसव्या जाहिराती आणि खोटी "डाउनलोड" बटणं दिसेनाशी झाली. सुदामा नगरच्या काकांचा निळा पडदा बहुधा अशाच जाहिरातीतून आला असावा.

फसलं ते प्रिंटरचं. पंधरा दिवस हलला नाही. मराठी टायपिंगलाही वेळ गेला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयार मिळतो, पण आईला उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय, त्यासाठी आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम बसवावे लागले.

लोकमान्य नगर

मीच ती आई. मुलाने सगळं नीट केलं, पण दोन गोष्टी राहिल्या म्हणून लिहितेय. पहिली म्हणजे सवय. आठ दिवस मी रोज संध्याकाळी रडकुंडीला यायचे. फोल्डर कुठे ठेवला, फोटो कुठे गेले, काही कळायचं नाही. मग मुलाने फोनवर एकेक विचारून, मला हवी ती पाचच चित्रं पडद्यावर ठेवली: मेल, वर्तमानपत्र, यूट्यूब, फोटो, लिहायचं. तेव्हा जमलं. घरच्यांसाठी हे करणार असाल तर बसवून लगेच निघून जाऊ नका, आठवडाभर राहा.

दुसरी जास्त महत्त्वाची. फोनवर मेसेज आला, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापणार, बिल अपडेट करा. मी तो पत्ता मोठ्या पडद्यावर दिसावा म्हणून संगणकावर उघडला. उघडला! लिनक्सवरसुद्धा छान उघडला, कार्डाचा नंबर भरायची जागा अगदी खऱ्यासारखी. मला वाटत होतं, आता आपल्याकडे लिनक्स आहे, काही होत नाही. शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्यांनाही तोच मेसेज आलेला, आणि त्यांचं बिल तर भरलेलं. म्हणून वाचले.

अन्नपूर्णा रोड

विंडोज १०वाल्यांसाठी थोडक्यात. त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्या घेता येतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणी आहे, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. माझा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा, विंडोज ११ला चालत नाही, म्हणून मी नोंदणी केली. या वर्षात लिनक्स शिकून घेतो.

रामबाग, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. लोकमान्य नगरच्या काकूंचं दोनदा वाचायला लावलं.

ठरलं ते असं. विंडोज ७ काढायचं नाही, आप्पांचा हात त्यावर बसलाय. पण त्याची नेटची तार काढली, आणि राउटरच्या पानावर जाऊन त्याचं नाव यादीतून गेलंय ना, ते तपासलं. त्यावर आता टायपिंग आणि साठवलेली गाणी. वर्तमानपत्रासाठी मुलाचा पडून असलेला लॅपटॉप, त्यावर मिंट, त्याच टेबलावर उजवीकडे. परवा सकाळी आप्पांनी डावीकडच्या पडद्यावर सवयीने वर्तमानपत्र उघडायला घेतलं, थांबले, आणि खुर्ची सरकवून उजवीकडे गेले.

एक मदत हवी आहे, छपाईवाल्या दादांकडून विशेष. आप्पांच्या आठवणींची ११२ पानं जुन्या, युनिकोड (आजच्या सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये आहेत. नव्या लॅपटॉपवर ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एका कन्व्हर्टरने दहा पानं करून बघितली, तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला आणि पहिली वेलांटी जागा सोडून भलतीकडे गेली. "सूर्य" शोधून शोधून हाताने नीट करावा लागतोय. तुम्ही वीस वर्षांच्या पत्रिका युनिकोडमध्ये आणायचा कधी प्रयत्न केलात का? रविवारी दुकान उघडं असेल तर लाल नव्हे, आमचा निळा पेनड्राइव्ह घेऊन येते. आधी तुमच्या लिनक्सवरच लावा.