पंख्याच्या आवाजाचा अंदाज आधीच बांधता येतो का?

प्रश्न – तेलपाणी

नमस्कार. आम्ही हायड्रॉलिक पॉवरपॅकसाठी, म्हणजे यंत्रांना दाबाखालचे तेल पुरवणाऱ्या संचासाठी, ऑइल कूलर बनवतो. त्यात 1440 आरपीएमच्या मोटरवर सहा पात्यांचा अक्षीय (हवा सरळ आरपार ढकलणारा) पंखा असून, मोटरचा तीन भुजांचा ब्रॅकेट पात्यांच्या अगदी पुढे, म्हणजे हवा आत येते त्या बाजूला आहे. पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्ये पंख्याचा आवाज बराच कमी दिला आहे. तोच पंखा आमच्या यंत्रात बसवला की खर्जातला एक घुमणारा सूर येतो आणि ग्राहक तक्रार करतात. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाचे प्राध्यापक स्तेफान मोरो यांनी मोटारगाड्यांच्या पंख्यांवर संशोधन केल्याचे वाचनात आले. साचा बनवण्यापूर्वीच आवाज वर्तवणे त्यातून शक्य होते का?

प्रतिसाद – अनुनाद

काही अंशी होते, परंतु त्यासाठी आवाजाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला म्हणजे पाती ठरावीक अंतराने एखाद्या अडथळ्याजवळून जातात तेव्हा उमटणारा सूर. तुमच्या बाबतीत तो सेकंदाला 24 फेरे गुणिले 6 पाती, म्हणजे 144 हर्ट्झ आणि त्याच्या पटींत, 288, 432 असा येईल. दुसरा म्हणजे सर्व वारंवारतांवर पसरलेली सळसळ, जी मुख्यतः पात्यावरचा खळबळता प्रवाह मागच्या कडेवरून निसटताना निर्माण होते.

मोरो यांचे गाजलेले काम या दुसऱ्या प्रकारावर आहे. विद्यापीठात येण्यापूर्वी ते फ्रान्समध्ये वालिओ या मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते, त्यामुळे त्यांच्या प्रयोगांतले पातेही मोटारीच्या रेडिएटर पंख्याच्या घराण्यातलेच आहे. ल्यों येथील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील प्रतिध्वनिरहित विंड टनेलमध्ये सुमारे 13 सेंटीमीटर रुंदीचे पाते स्थिर ठेवून, त्याच्या पृष्ठभागावरील बारीक छिद्रांना केशनलिका जोडून, दूर ठेवलेल्या मायक्रोफोनने हवेच्या दाबातले चढउतार मोजले गेले. अमिएट या संशोधकांनी 1970 च्या दशकात मांडलेला सिद्धांत त्या दाबावरून दूरवर पोहोचणारा आवाज काढतो. पात्याची रुंदी मर्यादित असल्यामुळे पुढच्या कडेवरून परतणाऱ्या लहरींचा परिणाम मिशेल रोजे आणि मोरो यांनी 2005 मध्ये त्यात जोडला. प्रत्यक्ष पंख्यासाठी पात्याचे मुळापासून टोकापर्यंत पट्टे पाडतात, प्रत्येक पट्टा क्षणभर स्थिर मानून हिशेब करतात आणि मग एका फेऱ्याची सरासरी घेतात. मेख अशी, की कडेजवळच्या दाबाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याचा तपशील, आधी हाती असावा लागतो. तो मोजावा तरी लागतो किंवा संगणकावर प्रवाहाचे महागडे अनुकरण करून मिळवावा लागतो, आणि लहान कारखान्याला दोन्ही परवडणे अवघड आहे.

प्रतिसाद – मिस्त्रीबुवा

वरील विवेचन योग्य आहे, पण तक्रार सुराची असेल तर मागच्या कडेच्या सिद्धांतात शिरण्याचे कारण नाही. दोष पंख्यापेक्षा मांडणीत दिसतो. कॅटलॉगमधली चाचणी सहसा मोकळ्या, अडथळा नसलेल्या हवेत होते. तुमच्याकडे प्रत्येक भुजेमागे हवेचा एक मंद पट्टा तयार होतो आणि प्रत्येक पाते तो कापत जाते. त्यातही पाती सहा आणि भुजा तीन, म्हणजे तिन्ही भुजांसमोर एकाच क्षणी एकेक पाते येते आणि तिन्ही धक्के एकमेकांत मिसळून वाढतात. पाती सात केलीत तर ते क्षण वेगवेगळे होतात, सूर 168 हर्ट्झवर जातो आणि धक्के बऱ्याच अंशी परस्परांना मारतात. जेट इंजिनांसाठी फिरती पाती आणि स्थिर पाती यांच्या संख्यांचे हे गणित टायलर आणि सॉफ्रिन यांनी 1962 मध्येच मांडले होते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे ब्रॅकेट पात्यांच्या मागच्या बाजूला नेणे. ते जमत नसेल तर भुजा आणि पाती यांतले अंतर वाढवा आणि भुजा गोलाकार पाइपच्या ठेवण्याऐवजी हवेच्या दिशेने निमुळत्या करा.

तेलपाणी

दोघांचेही आभार. सात पात्यांचा पंखा मागवता येईल. तोपर्यंत आतून 25 मिलिमीटर फोम लावावा, असा आमच्या विक्री विभागाचा आग्रह आहे. त्याचा उपयोग होईल का?

प्रतिसाद – अनुनाद

या सुरासाठी जवळजवळ नाही. 144 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 2.4 मीटर असते, आणि एवढा पातळ थर तिच्यापुढे नगण्य ठरतो; वरच्या पट्टीतली सळसळ मात्र थोडी दबेल. तेलाचे तापमान आटोक्यात राहत असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण) लावून वेग 20 टक्के उतरवून पाहा. ढोबळ नियमानुसार आवाज सुमारे 5 डेसिबलने उतरतो, परंतु हवाही 20 टक्के कमी मिळते आणि दाब 64 टक्क्यांवर येतो, म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारचे तापमान धरूनच निर्णय घ्यावा.

प्रतिसाद – मिस्त्रीबुवा

त्याआधी एक चाचणी फुकटात होते. पंखा ब्रॅकेटसकट कूलरबाहेर काढून मोकळ्यावर चालवा आणि फोनवरच्या वर्णपट दाखवणाऱ्या अॅपने 144 हर्ट्झचा सुळका पाहा. तो तसाच उंच राहिला तर भुजाच जबाबदार आहेत. बराच खाली आला तर रेडिएटर आणि पंखा यांमधल्या आवरणाचे कोपरे तपासावे लागतील, कारण चौकोनी आवरणातून गोल पंख्याकडे येणारी हवा सगळीकडून सारखी येत नाही.