फुटलेली प्लीहा वाचवावी की काढावी?

धागा : शल्यचिकित्सक, गडचिरोली जिल्हा
मोहाच्या झाडावरून पडलेला किंवा बैलाने शिंग मारलेला रुग्ण पोटातल्या रक्तस्रावाने आला की पूर्ण प्लीहा (पाणथरी) काढण्याकडेच आपला कल असतो. ज्याचा रक्तदाब टिकून आहे, त्याची काही प्लीहा तरी राखली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सीलिअॅक ट्रंकमधून (महाधमनीच्या पोटातल्या एका मोठ्या शाखेतून) निघणारी प्लीहाधमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी येते आणि प्लीहेजवळ बहुधा दोन, कधी तीन मुख्य शाखांत विभागते. प्रत्येक शाखा मुख्यतः आपल्याच खंडाला रक्त पुरवते व दोन खंडांमधल्या पट्ट्यात मोठ्या वाहिन्या फारशा नसतात. जखमी खंडाची शाखा बांधली की तेवढाच भाग काळपट पडतो आणि काप कुठे घ्यायचा ते डोळ्यांना दिसते. ब्राझीलचे शल्यचिकित्सक कांपोस क्रिस्टो यांनी अशी खंडशः शस्त्रक्रिया 1962 मध्येच मांडली होती.

प्रतिसाद : शल्यचिकित्सक, चंद्रपूर जिल्हा
सर, पुस्तकातली ही रचना प्रत्येक पोटात सापडत नाही. टोकाला जाणारी शाखा कधी फार आधीच फुटते, आणि ती नजरेतून सुटली तर रक्त थांबत नाही. स्वादुपिंडाचे शेपूट प्लीहेच्या द्वाराला (जिथून वाहिन्या आत शिरतात त्या जागेला) जवळजवळ चिकटलेले असते. रक्ताने भरलेल्या पोटात घाईने क्लॅम्प (वाहिनी दाबून धरणारा चिमटा) लावला तर तेही चिरडते.

धागाकर्ता
भिन्नता आहेच, पण ती बरेचदा आपल्या सोयीची आहे. शरीररचनेचे अभ्यासक मिशेल्स यांच्या 1942 च्या अभ्यासात सुमारे 70 टक्के प्लीहांमध्ये धमनी द्वारापासून दूरच फुटून लांब, विखुरलेल्या शाखा देते, आणि अशा शाखा एकेक करून बांधता येतात. उरलेल्यांत लांब खोड अगदी द्वाराशी फुटते. तिथे तुमची भीती मला मान्य आहे. तरीही मुख्य धमनी बांधावी लागली, तर आखूड जठरधमन्या (जठराकडे जाणाऱ्या छोट्या धमन्या) शाबूत ठेवल्यास वरच्या टोकाला रक्त मिळत राहू शकते.

प्रतिसाद : वैद्यकीय अधिकारी, मेळघाट
प्लीहा गेलेला रुग्ण पुढे आमच्याकडे येतो, म्हणून माझा कौल राखण्याकडे आहे. न्यूमोकोकस या जीवाणूचा संसर्ग अशा रुग्णाला काही तासांत गाठू शकतो आणि हिवतापही त्याच्यात गंभीर वळण घेऊ शकतो. लस टोचता येते, पण ताप आल्याबरोबर पाड्यावरून निघायला पावसाळ्यात रस्ता लागतो.

प्रतिसाद : शल्यचिकित्सक, चंद्रपूर जिल्हा
मॅडम, तुमचा मुद्दा रास्त आहे. परंतु रक्ताची पिशवी जिल्ह्याच्या गावाहून यायची असेल आणि रक्तदाब घसरत असेल, तर मी शाखा शोधत बसणार नाही. द्वाराशीच सगळ्या वाहिन्या बांधून प्लीहा काढेन आणि घरी सोडण्याआधी लसी टोचून घेईन.