मदत हवी आहे: प्राप्तिकराचं ८०ईईबी (ईव्ही कर्जाच्या व्याजाची वजावट), कलम ५ए (पती-पत्नीत उत्पन्नाची वाटणी) आणि दोघांच्या नावावरचं ईव्ही कर्ज

इलेक्ट्रिक गाडी, गोव्यातली (जीए-०३), आरसी नवऱ्याच्या नावावर, कर्जात बायको सहकर्जदार, हप्ता नवऱ्याच्या पगार खात्यातून. जुनी करप्रणाली. कर्ज २०२३ च्या मार्चअखेर मंजूर, रक्कम मिळाली एप्रिलमध्ये. ८०ईईबी कर्जमंजुरीची तारीख बघतं (१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३), त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. घोळ असा की बँकेच्या व्याज प्रमाणपत्रावर फक्त वितरणाची तारीख आहे. मंजुरीपत्र हाताशी आहे, तरी दोन्ही तारखा असलेलं प्रमाणपत्र मागून घ्यावं का?

खरी अडचण आपल्या गोंयच्या कलम ५एची. भाडं, एफडीचं व्याज पती-पत्नीत अर्धं-अर्धं होतं, पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणून विवरणपत्राचा सोपा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ आणि त्यातलं शेड्यूल ५ए (या वाटणीचा तक्ता) आलंच. आता ८०ईईबीचं व्याज, वर्षाला साधारण ७२,००० (मर्यादा दीड लाख, मुद्दल धरायचंच नाही), पूर्ण नवऱ्याने दाखवायचं की ३६,००० दोघांनी? माझ्या मते ५ए उत्पन्न वाटतं, वजावट नव्हे. हप्ता भरणाऱ्याने पूर्ण घ्यावी. पण सहकर्जदार असल्यावर खात्री वाटत नाही.

मडगाव-म्हापशाकडच्या कुणी सीएंनी अशी विवरणपत्रं भरली असतील तर सांगा. मुदतीआधी हवंय, उशिरा भरलं तर जुनी प्रणालीच मिळत नाही.