ईव्हीला मेंटेनन्स नसतो म्हणे! मग टायर कोण बघणार?

घाटवाला

आमच्या सोसायटीत सध्या ईव्हीचं, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचं, पेव फुटलंय. रविवारी पार्किंगमध्ये गाड्या धुताना सगळ्यांची टेप एकच, ऑइल नाही, क्लच नाही, बेल्ट नाही, वर्षातून एकदा शोरूमला दाखवली की विषय संपला. ऐकायला बरं वाटतं. पण जरा खाली वाकून त्याच गाड्यांचे पुढचे टायर बघा. बाहेरच्या कडा गुळगुळीत, एकाच्या साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, चक्क फुगा आलेला, आणि मालक सांगतोय की अहो झीरो मेंटेनन्स गाडी आहे.

माझं म्हणणं इतकंच की मेंटेनन्स गेला नाहीये, आपली सवय गेलीये. पेट्रोलच्या गाडीला आठ-दहा दिवसांनी पंपावर जावंच लागायचं. तिथे हवेच्या मशीनपाशी कोणीतरी उभा असायचा, "पुढं किती मागं किती" विचारायचा, आपण तेहतीस-तेहतीस सांगून मोकळे. न कळत टायरवर नजर पडायची, खिळा घुसलाय का ते दिसायचं. आता गाडी रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावली, सकाळी काढली. पंपाचा संबंधच संपला, आणि त्याबरोबर हवा पण संपली.

त्यात ही गाडी जड. अडीचशे-तीनशे किलोची बॅटरी पोटाशी, त्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा वजन बरंच जास्त. वर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, बघा, २०२० सालच्या नेक्सॉन ईव्हीला २४५ न्यूटन मीटर आणि पेट्रोल नेक्सॉनला १७०, आणि ईव्हीचा तो पाय ठेवल्या ठेवल्या मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या ईव्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे गाडी ओढायची पुढच्याच चाकांनी, वळवायची पुढच्याच आणि रिजनचं ब्रेकिंग (मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरते ते) पण पुढच्याच. मग घासणार कोण?

तर प्रश्न असा की तुम्ही लोक हवा, रोटेशन (पुढचे टायर मागे, मागचे पुढे), अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट करणं) खरंच बघता का, की "ईव्हीला काही लागत नाही" म्हणून सोडून दिलंय?

निवांत_पुणेकर

आला का परत घाबरवणारा धागा. घाटवाला, टायर पेट्रोल गाडीचे पण घासतात हो. मी ईव्ही घेतली ती या कटकटीतून सुटायलाच.

हिशोब मांडतो, तुम्हीच तपासा. शहरात पेट्रोलची गाडी लिटरला चौदा देते धरा, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये कुठे गेले नाहीत. घरी चार्ज केली तर युनिटला आठ-दहा रुपये, एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर, म्हणजे दीड रुपया. आता टायर. सोळा इंचीचा सेट तीस हजाराचा धरा. चाळीस हजार किमी चालला तर किलोमीटरला पाऊण रुपया, ईव्हीवर तीस हजारातच संपला तर एक रुपया. फरक पंचवीस पैसे!! साडेपाच रुपये वाचवणारा माणूस पंचवीस पैशासाठी दर आठवड्याला गेज घेऊन पार्किंगमध्ये उकिडवा बसणार का?

आणि ते "खास ईव्हीसाठी" लिहिलेले टायर म्हणजे तर निव्वळ मार्केटिंग.

घाटवाला

पैशाचा मुद्दा मी काढलाच नव्हता, तुम्हीच काढलात. कमी हवेचा टायर पावसात ताम्हिणीत काय करतो ते बघा. टायर जास्त दबतो, कडा गरम होतात, पाणी बाहेर फेकायला खाचा अपुऱ्या पडतात. आणि रेंज घटते ती वेगळीच, मग लोक ग्रुपवर विचारत बसतात की पावसाळ्यात बॅटरी खराब झाली का हो.

चाकं_आणि_चहा

साहेब मी टायरच्याच धंद्यात आहे, हायवेला दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो, कोणाला काय विकायचं नाही.

निवांत साहेब म्हणतात मार्केटिंग, ते निम्मं खरं आहे. साइज आणि लोड इंडेक्स बरोबर असेल तर साधा चांगला टायर पण चालतो. पण लोड इंडेक्स बघतो कोण? टायरवर २१५/६० आर १६ च्या पुढं जो आकडा असतो, ९५ वगैरे, तो वजनाचा. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५. गिऱ्हाईक येतं, "तीच रिंग आहे ना, स्वस्तातला टाक" म्हणतं, आणि कमी इंडेक्सचा बसवून घेतं. जड गाडीला ते करू नका, कंपनीनं दिलाय त्याच्या खाली कधीच जाऊ नका, वर गेलात तर चालतं.

दुसरं म्हणजे जॅक. हे जास्त महत्त्वाचं आहे. रस्त्याकडेचा पंक्चरवाला जुन्या सवयीनं ट्रॉली जॅक थेट गाडीच्या पोटाखाली सारतो, आणि ईव्हीच्या पोटाखाली काय आहे तर बॅटरी. मी स्वतः एका गाडीचं बॅटरीचं कव्हर असं दबलेलं बघितलंय. दाराखालच्या सिलच्या पट्टीवर जिथं खुणा आहेत तिथंच जॅक लागला पाहिजे, मधे रबराचा ठोकळा ठेवून. पंक्चर काढताना उभं राहून बघा, मोबाइल नंतर बघता येतो. आणि काही ईव्ही टायरात आतून आवाज दाबायला फोम चिकटवलेला असतो, तिथं बाहेरून सुतळी खुपसून भागत नाही, टायर उतरवून फोम तेवढा कापून आतून पॅच मारावा लागतो.

निवांत_पुणेकर

हे जॅकचं मात्र कामाचं बोललात. बाकी टायरच्या दुकानदाराने "टायरकडे लक्ष द्या" म्हणणं म्हणजे काय ते आम्हाला कळतं 😀

चाकं_आणि_चहा

लक्ष दिलं तर टायर जास्त चालतो आणि माझा धंदा कमी होतो साहेब, उलटं गणित आहे ते.

पिवळी_पाटी

मी ईव्ही टॅक्सी चालवतो, पुणे एअरपोर्ट ते हिंजवडी, चाकण, कधी मुंबई. घरच्या गाडीवाल्यांचं महिन्याचं रनिंग आमचं चार दिवसात होतं त्यामुळं टायरचं जरा मला पण कळतं. सगळं वजन वजन करताय पण खरा खेळ उजव्या पायाचा आहे. आमच्याकडं सेम मॉडेल, सेम टायर, दोन ड्रायव्हर, एकाचा सेट दुसऱ्याच्या निम्म्यात संपतो कारण सिग्नल सुटला की त्याला पहिलं जायचं असतं. स्पोर्ट मोड बंद ठेवा बास.

आणि अलाइनमेंट दर पाच हजारला करा सांगतात तो शुद्ध धंदा आहे. स्टेअरिंग सरळ धरून गाडी एका बाजूला ओढत नसेल, टायर एका कडेनं खात नसेल तर कशाला करायची? मोठ्या खड्ड्यात आदळली की करा. हवा मात्र मी दर सोमवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी बघतो, चालवून आल्यावर बघितली तर गरम टायर दोन-चार पीएसआय जास्तच दाखवतो आणि मग लोक हवा सोडून देतात. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो तो वाचा, पंपावरच्या पोराला काय विचारता.

देवगड_हापूस

तुम्ही सगळे टायरात अडकलाय, आमच्याकडे कोकणात खरी बोंब ब्रेकची. रिजनमुळे ब्रेक पॅड टिकतात टिकतात म्हणून सगळे खूश असतात, पण वापरलेच जात नाहीत तर खाऱ्या हवेत त्यांचं काय होतं ते कोण बघतो? डिस्कवर गंज धरतो. तो वरवरचा तांबूस थर चार वेळा ब्रेक दाबला की जातो, त्याचं काही नाही. पण डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकून जाम झाल्या की पॅड एका बाजूने चिकटून बसतो, चाक गरम होतं, रेंज खाते, आणि ऐन वेळी ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते. पावसाळा संपला की पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्यायच्या, एवढं एक काम माझ्या मते ईव्हीचं खरं मेंटेनन्स. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, ते हवेतली ओल ओढतं, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा.

अधूनमधून मोकळा रस्ता बघून रिजन शून्यावर टाकावं आणि पायाने ब्रेक मारत यावं. डिस्क पुसली जाते.

जर्सीकर

देवगड, अगदी बरोबर. इकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे टेस्लाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की अशा भागात वर्षातून एकदा ब्रेक कॅलिपर साफ करून ग्रीस करा. तुमचा समुद्र आणि आमचं मीठ, रोग एकच.

पण ते सोडलं तर वार्षिक सर्व्हिस हा प्रकार मात्र टेस्लाला नाहीये. केबिन फिल्टर दोन वर्षांनी, ब्रेक फ्लुइड चार वर्षांनी तपासायचं, टायर दर १०,००० किमीला रोटेट करायचे किंवा दोन टायरच्या खाचांत दीड मिलिमीटर फरक दिसला की. बस. त्यामुळे भारतात दर वर्षी शोरूमला बोलावून नेमकं काय करतात हे मला न सुटलेलं कोडं आहे.

निवांत_पुणेकर

काय करतात ते मी सांगतो. गाडी धुतात. मागच्या वेळी बिलात काय होतं माहितीये? एसी डिसइन्फेक्शन, इंटीरियर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, आणि लेबर. कोटिंग नको म्हणालो तर सल्लागार म्हणतो सर गंज लागेल. पार्किंग दुसऱ्या मजल्यावर आहे हो माझं.

सोनचाफा

निवांत, त्याच सर्व्हिसमध्ये बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासायला सांगत जा ना. माझी गाडी सुट्टीवरून आल्यावर उघडेचना, मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली आणि गाडी ठार मेलेली, कारण लॉक, स्क्रीन, मोठी बॅटरी जोडणारा काँटॅक्टर सगळं त्या छोट्या बॅटरीवर. शेवटी शेजारच्या पेट्रोल गाडीवरून जंप स्टार्ट, काय लाज!

अजून एक. माझ्या गाडीत स्टेपनी नाही, पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर दिलाय. असं चालतं का मुळात? आंबोली घाटात रात्री साइडवॉल फाटला तर त्या किटाचं करायचं काय?

घाटवाला

चालतं. २०२० साली केंद्राने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि टीपीएमएस (टायरची हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा) असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. साइडवॉल फाटला तर मात्र किट निरुपयोगी, टोइंग मागवायचं. तेही फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागा, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरत राहते आणि नुकसान होतं.

टीपीएमएसवर पण फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो दिवा हवा पाव एक भाग उतरल्यावर लागतो. तोवर तुम्ही महिनाभर कमी हवेवर फिरलेले असता. आणि समृद्धीवर १२० ने जायचं असेल, विदर्भातला मे महिना, खाली तापलेलं काँक्रीट, तर अर्धवट हवेचा जुना टायर म्हणजे विषाची परीक्षा. २०२३ साली परिवहन खात्याला तिथे गाड्यांचे टायर तपासायची मोहीम काढावी लागली होती ती उगाच नाही.

निवांत_पुणेकर

त्या मोहिमेत बहुतेक गाड्या पेट्रोल-डिझेलच्याच असणार! ईव्हीचा काय संबंध? आता म्हणाल नायट्रोजन भरा.

पिवळी_पाटी

नायट्रोजन काय नाय हो, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळत असेल तर भरा. पैसे देऊन भरलात तरी बघावं लागतंच दर आठवड्याला, ते कोण टाळतंय.

देवगड_हापूस

महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात रात्री चार्जिंग लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. शंभर टक्के भरून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नसते, रिजन जवळजवळ मिळतच नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर. तेव्हा ते गंजलेले, जाम झालेले ब्रेक आठवतील. नव्वदवर काढा गाडी.

सोनचाफा

छान मुद्दा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बरं माझे पुढचे दोन टायर खाचेतल्या उंचवट्याच्या बरोबरीला आलेत, म्हणजे १.६ मिलिमीटरवर, बदलायलाच हवेत. मागचे अजून चांगले आहेत. दोनच घेतले तर नवे पुढे लावायचे ना?

निवांत_पुणेकर

अर्थात पुढे. मोटर पुढे, स्टेअरिंग पुढे, रिजन पुढे. घाटवाल्यांनी वरती स्वतःच लिहिलंय की सगळं काम पुढची चाकं करतात.

चाकं_आणि_चहा

नाही ताई. नवे मागं लावा, मागचे काढून पुढं आणा. टायर कंपन्या पण हेच सांगतात. पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बऱ्याचदा पकड परत येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

निवांत_पुणेकर

मग जुने पुढे आणून ते चार महिन्यात संपणार, परत दोन घ्या! हेच ते उलटं गणित का? मी पुढेच लावणार.

पिवळी_पाटी

दहा हजारला रोटेशन केलं असतं तर चारी एकदमच संपले असते, हा वादच आला नसता. मी चारी एकदम घेतो. ताई, दुकानात गेलात की टायरवरचा चार आकडी कोड बघून घ्या, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गोडाऊनमध्ये पडलेला जुना माल गळ्यात मारतात.

चाकं_आणि_चहा

सगळे नाय मारत हो.